पोटाशी धरायची उशी

फौजी दादासोच्या घरात मधल्या खोलीच्या खुंटीवर दवाखान्याची बॅग असायची. बॅग त्याचीच, पलटणीतून रिटायर होताना आणलेली, हिरव्या जाड कापडाची, एका बाजूची चेन रुसलेली. पण तिच्यावर राज्य चालायचं ते त्याच्या बायकोचं, शालूबाईचं. भावकीत कुणाचं अपेंडिक्स असो, मुतखडा असो, पहिलटकरीण अडलेली असो, गाडी आधी या घराच्या दारात थांबायची. "शालूवैनी, चला," एवढंच म्हणायचे. शालूबाई पदराला हात पुसत बाहेर यायची, बॅग काढायची आणि गाडीत बसायची.

"वैनीच्या हाताला गुण हाय," असं भावकी म्हणायची. गुण कसला डोंबलाचा! बाकीच्यांनी अंग काढून घेतलं की मागं जो उरतो, त्याच्या हाताला गुण येतोच. धाकटी जाऊ प्रियदर्शनी, तिला दवाखान्याच्या वासानं चक्कर यायची. चुलत सासवांचे गुडघे नेमके त्याच दिवशी धरायचे. आणि पुरुषमाणसं? बायकांचा वॉर्ड असला की "आमी तितं कसं थांबायचं", आणि पुरुषांचा असला की "आमाला त्यातलं काय कळतंय". म्हणजे कुठूनही सुटलेच.

शालूबाईला मात्र सगळं कळायला लागलं होतं. पहिल्यांदा सासूबरोबर गेली तेव्हा नुसता डबा घेऊन गेली होती. ऑपरेशननंतर ओठ ओले करायला साधा चमचासुद्धा जवळ नव्हता. तेव्हापासून चमचा बॅगेत कायम. झाकणाची वाटी. घरची रंगीत चादर, म्हणजे दुसऱ्याच्यात मिसळत नाही. जुन्या लुगड्याची मऊ फडकी. मोबाईलच्या चार्जरला लांब वायर, कारण दवाखान्यातलं बटण खाटेजवळ कधी असतच नाही. पोटाचं ऑपरेशन असलं की पुढून बटणांचा सैल गाऊन, कारण परकराची नाडी नेमकी टाक्यावर बसते. आणि एक छोटी उशी. ही उशी तिला एका बाळंतिणीच्या आईनं सांगितलेली. पोटाला टाके असले की खोकला येवो, शिंक येवो, नाहीतर हसू येवो, जीव नुसता कळवळतो. तेव्हा उशी पोटाशी घट्ट दाबून धरायची. घरी जाताना गाडी गतिरोधकावरून उडते, तेव्हाही धरायची. आजवर कितीजणींच्या पोटाशी तिनं उशी धरली होती, तिचं तिलाच आठवत नव्हतं.

आणि अशी ही बाई स्वतःचं दुखणं अंगावर काढत होती. पाळी आली की खाटेवरून उठवत नव्हतं. तोंड पांढरंफटक पडायचं, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. विश्रामबागेतल्या दवाखान्यात त्रिशला मॅडम म्हणून बायकांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी तपासून सांगितलं, गर्भपिशवीत गाठी आहेत, काढावी लागेल. तारीख दिली. ती तारीख चुलत नणंदेच्या बाळंतपणानं खाल्ली. दुसरी द्राक्षबागेच्या छाटणीनं. मग मामेसासऱ्यांचा मोतीबिंदू निघाला. दर वेळी शालूबाई बॅग घेऊन त्याच दवाखान्यात यायची, पण दुसऱ्याला घेऊन. मॅडम जिन्यात भेटल्या की नजर चुकवायची.

शेवटी मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं आणि बजावलं. "इंजेक्शनं देऊन, बाटली चढवून रक्त कसंबसं वर आणलंय, शालूबाई. पुढची पाळी आली की पुन्हा खाली जाणार. मग मी भूल द्यायला सांगणार नाही, जिवाला धोका होईल. या बुधवारी म्हणजे बुधवारी. मंगळवारी संध्याकाळी येऊन अ‍ॅडमिट व्हा."

"व्हय," शालूबाई म्हणाली. या वेळी तिनं मनाशी गाठच मारली होती.

सोमवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं बॅग खाली काढली, खाटेवर सगळं पसरलं. जन्मात पहिल्यांदा ती स्वतःसाठी बॅग भरत होती. गाऊन नवा घेतला होता, गुलाबी, मोठ्या मोठ्या फुलांचा. उशीही नवी शिवली होती, आईच्या जुन्या लुगड्याची, आत सावरीचा कापूस. हळकुंड बांधलेला दोरा घेतला, कारण आत नेताना मंगळसूत्र काढावं लागतं आणि गळा मोकळा ठेवायचा नसतो. सगळं घडी घालून ठेवलं आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. ऑपरेशनचा आनंद! कुणी ऐकलं असतं तर येडी म्हटलं असतं. पण चार दिवस कुणीतरी आपल्याला विचारेल, पाणी पायजे का, कूस बदलायची का. तिनं चेन ओढली आणि बॅग परत खुंटीला लावली.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. "माझ्याजवळ कोन ऱ्हाणार हाय?"

"मी येतो की सोडायला," दादासो म्हणाला.

"सोडायला न्हाई. ऱ्हायला."

दादासोनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, चावला. फौजेत त्यानं सियाचीनच्या थंडीत दिवस काढले होते, असं तो सांगायचा. पण वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर एक रात्र काढायची म्हटलं की त्याची कंबर धरायची. प्रियदर्शनीनं पदर नाकाला लावला, जसं काही आमटीलाच फिनेलचा वास येत होता. शेवटी शालूबाईनं साताऱ्याला लेकीला फोन लावला. साक्षी तिथं एका कंपनीत नोकरीला होती. "मी येते आई, बुधवारी सकाळची गाडी पकडते," ती म्हणाली. शालूबाईचा जीव भांड्यात पडला.

आणि मंगळवारी सकाळी आबा गोठ्यात पडले.

सयाजी आबा म्हणजे तिचे सासरे. जुने पैलवान, मिशा अजून पिळदार, आवाज अजून तालमीतला. वासराला सोडायला गेले आणि शेणावरून पाय सटकला. खुब्याचं हाड गेलं, हे त्यांच्या ओरडण्यावरूनच सगळ्या गल्लीला कळलं. दिरानं जीप दारात आणली, चौघांनी आबांना उचलून आडवं घातलं. मग सगळ्यांनी शालूबाईकडं बघितलं. तिला वाटलं, आपल्याभोवती गोठ्याचं फाटकच कुणी लावून घेतलं.

दादासोनं तोवर खुंटीवरची बॅग जीपमध्ये ठेवलीसुद्धा.

"आवं, ती माझी भरलीया," ती म्हणाली. "त्यात माझी कापडं हायती."

"मग बरंच झालं की. भरायचा येळ वाचला."

"आवं, आज सांजच्याला मला दाखल व्हायचं हाय."

"तितंच चाललोय न्हवं आपन? बस तू. बघू तितं गेल्यावर."

आता या घरात 'बघू' म्हणजे काय, हे शालूबाईला लग्नापासून माहीत होतं. पण आत आबा कण्हत होते, गल्ली जमली होती, आणि खरंच दवाखाना तोच होता. तिनं मनाची समजूत काढली आणि जीपमध्ये बसली. कवठे महांकाळ सोडून मिरजेच्या रस्त्याला लागेपर्यंत गतिरोधक काही कमी नाहीत. पहिल्याच दणक्याला आबा असे ओरडले की तिनं बॅग उघडली, आईच्या लुगड्याची उशी काढली आणि त्यांच्या पायाखाली सारली. आबांना बरं वाटलं. ते पाहून तिलाही बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच तिला मनस्वी राग आला.

दवाखान्यात आबांच्या खुब्याचा फोटो काढला, पायाला वजन लावलं, खाटेचा पायथा विटांवर चढवला. बी.पी. उतरलं की शुक्रवारी ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले. धोतर गोठ्यातल्या शेणानं भरलेलं, ते कापूनच काढावं लागलं. बदलायला? घरून आबांचं काहीच आलं नव्हतं. शालूबाईच्या बॅगेत होता तो गुलाबी गाऊन.

"ह्यो? फुलाफुलांचा?" आबा गरजले. "मी सयाजी पैलवान हाय! मेलो तरी घालायचो न्हाई!"

मेले नाहीत, पण उघडं पडून राहण्याचीही लाज वाटली, आणि घातला. गळ्याला लेस, वर त्या पांढऱ्या मिशा. शेजारच्या खाटेवरचा पेशंट भिंतीकडं तोंड करून हसला. अंगावर तिची रंगीत चादर, हातात तिच्या वाटीत तिच्या चमच्यानं ढवळलेलं गूळपाणी. बॅग भराभर रिकामी होत चालली होती आणि ती रिकामी करणारे हात शालूबाईचेच होते. त्यांना थांब म्हणायला ती कधी शिकलीच नव्हती.

दुपारी दादासो निघाला. "जनावरांचं बघायला पायजे. आबांची कापडं घिऊन उद्याच्याला येतो. तू हायस की हितं." दारातून वळून, मोठं काम उरकल्यासारखा म्हणाला, "आन खाली त्या मॅडमच्या माणसांना सांगून आलोय. तुझं आता फुडच्या म्हयन्यात. साक्षीला बी फोन केला, येऊ नगं म्हनून."

शालूबाईनं तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. दादासो तिच्या गप्प बसण्याला हो समजला. तो नेहमीच तसं समजायचा. त्याची पावलं जिना उतरून गेली तरी ती हातात रिकामी वाटी घेऊन तशीच उभी होती.

मग सुरू झालं. "शालन, पानी." "शालन, पंखा कमी कर." "शालन, भांडं." लघवीचं भांडं खाटेखाली डाव्या अंगाला, विटेला टेकवून ठेवलेलं, म्हणजे पाय लागून कलंडत नाही. ती वाकली, भांडं दिलं, घेतलं, धुतलं, परत विटेला टेकवलं. उठताना कंबर धरली आणि ओटीपोटात ती ओळखीची कळ आली. पाळी उंबऱ्यापाशी आली होती. आता रक्त जाणार, मॅडम भूल देणार नाहीत, मग पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा बाटली, पुन्हा तारीख, आणि तोवर भावकीत कुणीतरी पडलेलं असणारच. ती खिडकीपाशी गेली. खाली कॉलेजच्या पोरी स्कूटरवरून हसत चालल्या होत्या. गज धरून ती मुकाट रडली, आबांना ऐकू जाणार नाही अशी.

तेवढ्यात साक्षीचा फोन आला. "आई, बाबा म्हणाले रद्द झालं. खरंच?"

शालूबाईनं नाक पुसलं. हो म्हणणं किती सोपं होतं! तोंडाशी आलंच होतं.

"रद्द न्हाई," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. "तू ये."

"उद्याची रजा रद्द केली गं मी. दुपारी निघता येईल. येताना काय काय आणू? तुला काय पाहिजे?"

काय पाहिजे! जगाला काय पाहिजे ते शालूबाईला झोपेत सांगता आलं असतं. स्वतःला काय पाहिजे ते आठवायला तिला वेळ लागला.

"एक गाऊन आन," ती म्हणाली. "माझा आबांनी घातलाय."

पलीकडं साक्षी हसू की रडू अशा आवाजात "बरं" म्हणाली.

आबांचा डोळा लागल्यावर शालूबाई खालच्या मजल्यावर गेली. दवाखान्यातल्या आया हरणाबाई तिच्या जुन्या ओळखीच्या. त्यांनी तिला थेट आत सोडलं. त्रिशला मॅडम पर्स आवरत होत्या.

"तुमच्या मिस्टरांनी नाव काढायला सांगितलं ना?"

"परत घाला, मॅडम."

मॅडमनी तिच्याकडं नीट बघितलं. "घालते. सही तुमचीच चालते. पण ऑपरेशननंतर सोबतीला कोण आहे?"

"लेक सांजच्याला पोचतीया. तवर सासरे हायत की."

"कुठे आहेत?"

"वरच. हाडांच्या वॉर्डात."

"कुणाला भेटायला आलेत का?"

"न्हाई. दाखल हायत. खुबा मोडलाय."

मॅडमनी चष्मा काढला. "अहो शालूबाई, सोबतीचं माणूस चालतंफिरतं लागतं!"

"मॅडम," शालूबाई म्हणाली, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एका दमात बाहेर आलं, "मी चालतीफिरती हाय म्हनूनच माझं ऱ्हाऊन गेलं. आता उद्या न्हाई झालं तर परत न्हाईच व्हनार. मला ठावं हाय माझं घर. मी काय मरायची वाट बघू का?"

टेबलावरची घंटी दाबून मॅडमनी हरणाबाईंना बोलावलं. "उद्या दिवसभर या आणि वरचे आजोबा, दोघंही तुमच्याकडे," असं सांगितलं आणि शालूबाईचं नाव परत लिहिलं.

आबांना सांगायचं होतं. ती वर आली तेव्हा ते जागे होते आणि चिडलेले. "कुठं उलथली व्हतीस? पानी पायजे."

तिनं पाणी दिलं. मग खाटेच्या कडेला बसली. सासऱ्यांसमोर खाटेवर बसायची ती पहिलीच वेळ. "आबा, उद्या माझं ऑपरेशन हाय. सकाळी मला आत नेनार."

"आन माझं कोन बघनार?"

"हरणाबाई येतील अदनंमदनं. बाकी कोन न्हाई."

आबांच्या मिशा थरथरल्या. आता ओरडतील म्हणून तिनं मान खाली घातली. पण आबा अंगावरच्या गाऊनकडं बघत होते. त्यांनी लेस दोन बोटांत धरली. "ह्यो तू उद्यासाठी घेतला व्हतास व्हय?"

"व्हय."

"आन चादर?"

"माझीच."

"पायाखालची उशी?"

"ती बी. ऱ्हाऊ द्या तुमाला."

आबांनी लेस सोडली. "दिसभर हितं पडून हाय," ते म्हणाले. "कोन हाक मारल्याबिगर बघत बी न्हाई. म्हशीगत खुटीला बांधल्यासारखं झालंय बघ." मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "तुला लय वरसं झाली, न्हवं?"

शालूबाईला रडू आवरेना. आबा घाबरले. पैलवानाला सगळे डाव येत होते, रडत्या सुनेचं काय करायचं तेवढं येत नव्हतं. "बरं बरं," ते म्हणाले. "मी काय करायचं त्ये सांग."

"काय न्हाई. माझं सोनं सांभाळायचं. आन कुनी इचारलं तर म्हनायचं, शालनच्या सोबतीला मी हाय."

सकाळी हरणाबाईंनी तिच्या गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधला. शालूबाईनं मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, रुमालात बांधली आणि आबांच्या हातावर ठेवली. "सासऱ्यानं धरायचं व्हय ह्ये?" आबा पुटपुटले, पण मूठ अशी आवळली की पैलवानाचीच मूठ. स्ट्रेचरवरून नेताना तिनं मान वळवून बघितलं. गुलाबी गाऊनमधला म्हातारा छातीशी मूठ धरून दाराकडं टक लावून पडला होता. कुणीतरी आपल्या जाण्याकडं असं बघतंय, हे तिला फार दिवसांनी दिसलं. मग दिवे आले, गार हवा आली, आणि भूल चढली.

पुढचं तिला हरणाबाईंनी सांगितलं. दुपारी दादासो आबांची धोतरं आणि डबा घेऊन आला. बायको दिसेना. "शालन कुठाय?" म्हणाला. आबांनी उत्तर दिलं नाही, नुसती मूठ उघडली. रुमाल सुटला होता. मंगळसूत्र, जोडवी. दादासोच्या हातातला डबा खाली पडला, आमटी फरशीवर सांडली आणि तो तिथंच मट्‌कन बसला. "कवा?" एवढंच त्याच्या तोंडून आलं. आबा तरीही बोलेनात. म्हाताऱ्यानं मुद्दाम वेळ लावला, असं हरणाबाई शपथेवर सांगतात. दादासोनं डोकं धरून हंबरडा फोडला, तेव्हा कुठं आबा म्हणाले, "जित्ती हाय. आपरेशन झालं तिचं. सोबतीला मी व्हतो. तू कुठं व्हतास?"

शालूबाई शुद्धीवर आली तेव्हा पोटात नुसती आग होती आणि तोंडाला कोरड पडली होती. डोळे किलकिले करून बघितलं तर दोन खाटांची खोली. पलीकडच्या खाटेवर आबा, आता स्वतःच्या सदऱ्यात. मधल्या स्टुलावर दादासो, डोळे सुजलेले. साक्षीची गाडी अजून वाटेत होती. खोली त्यानंच घेतली होती. दोन पेशंट एका जागी, म्हणजे बघायला एकच माणूस पुरेल. तो एक माणूस आपण आहोत, हे अजून त्याच्या अंगवळणी पडलं नव्हतं. त्यानं तिच्या ओठाला चमच्यानं पाणी लावलं. निम्मं मानेवर सांडलं. पण लावलं.

"लय भ्यालो गं," तो म्हणाला, आणि खरंच म्हणाला. तिला ते ऐकून बरं वाटलं. तिनं डोळे मिटले.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खोलीत रेंज कमी म्हणून त्यानं स्पीकर लावला. प्रियदर्शनी होती. वैनी कशा हायत, आबा कसे हायत, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "भावजी, आमच्या आईचं मोतीबिंदूचं फुडच्या म्हयन्यात ठरलंय. तवर वैनी हिंडाफिरायला लागतील न्हवं? न्हाई, मी आपलं इचारून ठिवलं."

"व्हय व्हय, लागंल की," दादासो म्हणाला. "तिला काय हुतंय."

मिटल्या डोळ्यांनी शालूबाईनं ते ऐकलं. टाक्यांपेक्षा ते जास्त दुखलं. पाच मिनिटांपूर्वी हा माणूस लय भ्यालो म्हणत होता! भीती उतरली आणि बॅग परत खुंटीवर गेली. घरी गेल्यावर तीच भिंत, तीच खुंटी, दारात तीच गाडी. पोटातली पिशवी गेली होती, बाकी सगळं जागच्या जागी होतं.

"भांडं," आबा पलीकडून म्हणाले.

तिच्या अंगाला सवय. हात गादीवर टेकला, खांदा उचलला, आणि पोटातून अशी कळ गेली की ती किंचाळली.

"तुला न्हाई गं!" आबांचा आवाज तालमीत घुमायचा तसा खोलीत घुमला. "दादासो, तुला सांगतोय. आन आदी ती उशी काढ माझ्या पायाखालनं. तिची हाय ती. दे तिला."

दादासोनं गडबडीत चादरीची घडी आबांच्या पायाखाली सारली, उशी काढली आणि शालूबाईच्या हातात दिली. ती कशासाठी, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो तिच्या डोक्याखाली द्यायला निघाला होता. शालूबाईनं ती ओढून घेतली आणि पोटाशी दाबली. आईच्या लुगड्याचा मऊ पोत हाताला लागला. कळ हळूहळू बसली.

"भांडं!" आबा परत.

दादासोनं टेबलाखाली बघितलं. कपाट उघडलं. बॅग उपसली, तिच्यातून चार्जरची वायर निघाली आणि फडकी निघाली. संडासात जाऊन आला. खिडकीत बघितलं. आबांचा चेहरा लाल व्हायला लागला.

भांडं खाटेखाली डाव्या अंगाला, विटेला टेकवून होतं. खोली बदलताना हरणाबाईंनी शालूबाईच्याच पद्धतीनं ठेवलेलं. शालूबाईला आडव्यानं ते स्पष्ट दिसत होतं.

"शालन," दादासो काकुळतीला येऊन म्हणाला, "अगं, भांडं कुठं ठिवलंय?"

लग्न झाल्यापासून या घरात काय कुठं ठेवलंय ते तिला विचारायचे आणि ती सांगायची. आताही सगळे शब्द ओठावर आले. तिनं उशी पोटाशी आणखी घट्ट धरली.

"हुडका," शालूबाई म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.